बारा वर्षांची सोबत : मोटार निवडताना

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनीची ती मर्यादा त्या महिन्यात पूर्ण झाली. ही गाडी कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात घडली, त्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी केली होती. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या, रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात करून जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांची भारतात पायाभरणी करणाऱ्या या उद्योजकाचे १९५३ साली निधन झाले. फियाटच्या सहकार्याने त्यांच्या कारखान्यात बनू लागलेली ११०० ही मोटार १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तयार होत राहिली.

पद्मिनी इतकी वर्षे टिकली, त्याचे श्रेय केवळ तिच्या मजबुतीला देता येणार नाही. तिचे १०८९ सीसीचे साधे इंजिन गावोगावच्या मिस्त्रीला पाठ होते. सुटा भाग कोठेही मिळे, आणि न मिळाल्यास जुना भाग दुरुस्त करून काम भागे. त्या काळी गाडी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. नाव नोंदवायचे, वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळेल त्या रंगाची गाडी घरी आणायची. एकदा आलेली गाडी मुलगा कॉलेजात जाईपर्यंत घरात असे.

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. नागपुरात वर्धा रोड, अमरावती रोड आणि कामठी रोडवरील दालनांतून डझनावारी नमुने उभे आहेत, कर्ज दोन दिवसांत मंजूर होते आणि तीन-चार वर्षांत गाडी बदलण्याचा मोह सतत खुणावतो. गांधीबागेतील कापडाचा, इतवारीतील किराण्याचा वा सराफ्याचा व्यापारी दुकानात घेतलेल्या प्रत्येक मालाचा उठाव मोजतो. गाडी घेताना मात्र अनेकदा तोच व्यापारी शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहून निर्णय करतो. दहा-बारा वर्षे वापरता येईल, कामाला पुरेल आणि चालवतानाही मन प्रसन्न राहील अशी गाडी कशी निवडावी, याचा विचार म्हणूनच वहीखात्याच्या शिस्तीने व्हायला हवा.

आधी हिशेब

समजा, रस्त्यावर येईपर्यंत १२ लाख रुपये पडणारी गाडी आहे. ती दर चार वर्षांनी बदलली आणि विकताना ५५ टक्के किंमत हाती आली, तर प्रत्येक वेळी ५ लाख ४० हजार रुपये घसाऱ्यात जातात. बारा वर्षांत तीन गाड्या झाल्या, म्हणजे १६ लाख २० हजार. नव्या गाड्यांची वाढती किंमत येथे धरलेलीच नाही. हीच गाडी बारा वर्षे ठेवून शेवटी दीड लाखाला विकली, तर घसारा साडेदहा लाख. उत्तरार्धातील मोठ्या दुरुस्त्या, टायर, बॅटऱ्या यांसाठी दोन लाख जादा धरले, तरी एकूण साडेबारा लाख होतात. फरक ३ लाख ७० हजारांचा. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येक घरात ते थोडे इकडेतिकडे होतील. पण हिशेबाची दिशा बदलणार नाही.

पहिली काही वर्षे गाडीची किंमत सर्वांत वेगाने उतरते. विमा कंपन्यांचे कोष्टकही हेच सांगते. विम्यासाठी धरली जाणारी किंमत पहिल्या वर्षअखेरीस १५ टक्क्यांनी, तिसऱ्या वर्षाअखेर ३० टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्क्यांनी कमी धरली जाते. जो चौथ्या वर्षी गाडी विकतो, तो घसाऱ्याची सर्वांत महाग वर्षे स्वतः भोगतो आणि स्वस्त वर्षे दुसऱ्याला देतो.

यातून एक गोष्ट सहज लक्षात येते. जी गाडी चौथ्या वर्षी नकोशी होते, तीच खरी महाग गाडी. आणि गाडी नकोशी होण्याचे कारण बहुधा बिघाड हे नसते. कंटाळा हे असते. दोन हजार रुपये वाचावेत म्हणून घेतलेली, चढावर दम लागणारी, मागे बसणाऱ्यांना अवघडून टाकणारी गाडी घरातल्या कोणालाच आवडत नाही, आणि मग एखाद्या दिवाळीत तिला निरोप मिळतो. दीर्घकाळ ठेवायच्या गाडीत चालवण्याचा आनंद हा चैनीचा भाग मानणे म्हणूनच चूक आहे. तो बचतीच्याच रकान्यात मांडायला हवा.

पैसा कोठून आणावा

व्यापारी घरात गाडीत गुंतलेला रुपया हा मालखरेदीतून बाजूला काढलेला रुपया असतो. काही दुकानदार खेळत्या भांडवलाच्या कॅश क्रेडिट खात्यातून गाडीचे पैसे भरतात. व्याजाचा दर जवळपास सारखाच, मग वेगळे कर्ज कशाला, असा त्यामागे विचार असतो. हा विचार घातक आहे. कॅश क्रेडिट ही माल आणि उधारी यांवर दिलेली मर्यादा असते. माल विकला की ती पुन्हा मोकळी होते. गाडीत अडकलेली रक्कम तशी मोकळी होत नाही. ऐन हंगामात, कापसाची किंवा तुरीची खरेदी करायच्या दिवसांत, तीच रक्कम कमी पडते आणि मग बाजारातून महाग दराने पैसा उचलावा लागतो. शिवाय मंजूर कारणाखेरीज अन्य कामासाठी रक्कम वापरणे बँकेच्या अटींनाही धरून नसते. बारा वर्षे वापरायच्या वस्तूसाठी मुदतीचेच कर्ज घ्यावे.

मुदतही विचाराने ठरवावी. ८ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १६,६०० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १२,९०० रुपयांवर येतो, मात्र व्याज २ लाख ८१ हजारांपर्यंत जाते. हप्ता हलका दिसतो म्हणून ८५ हजार रुपये अधिक मोजायचे का, हे घराने ठरवावे. हप्ते संपल्यानंतरची सहा-सात वर्षे हीच दीर्घकाळ गाडी ठेवणाऱ्याची खरी कमाई असते. त्या काळात हप्त्याची निम्मी रक्कम जरी बाजूला पडत राहिली, तरी पुढच्या गाडीचा मोठा वाटा रोखीने उभा राहतो.

गाडी पेढीच्या नावावर घ्यावी की स्वतःच्या, हा प्रश्न हमखास निघतो. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकरात १५ टक्के दराने, उतरत्या शिल्लकीवर घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच मिळतो. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आणि धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. दसऱ्याला घेतलेल्या गाडीला त्या वर्षीचा पूर्ण घसारा लागू होता, धनत्रयोदशीला घेतलेलीला निम्मा. दुसऱ्या बाजूला, सामान्य प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट व्यापाऱ्याला मिळत नाही आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील मोटारीला व्यक्तीच्या मोटारीपेक्षा चढा वाहन कर पडतो. घरगुती वापर किती, हे प्रामाणिकपणे पाहून आपल्या सीएचा सल्ला घ्यावा. केवळ कर वाचवण्यासाठी गरजेहून मोठी गाडी घेणे म्हणजे तीस रुपये वाचवण्यासाठी शंभर खर्च करणे होय.

घराची गरज, गावाचा स्वभाव

गाडीची यादी करण्यापूर्वी घराची यादी करावी. रोज कोण चालवणार? किती किलोमीटर? वर्षातून किती वेळा पाचांहून अधिक माणसे बसणार? आजींचा गुडघा किती वाकतो? बरीच घरे वर्षातून चार दिवस लागणाऱ्या सात आसनांसाठी उरलेले ३६१ दिवस मोठी गाडी इतवारीच्या गल्लीत वळवत बसतात. त्या चार दिवसांसाठी भाड्याची गाडी मागवणे कितीतरी स्वस्त पडते. याउलट तीन पिढ्या एकत्र राहतात आणि दर महिन्याला रामटेक, भद्रावती, शिरपूर किंवा मुक्तागिरीची यात्रा घडते, अशा घरात अर्टिगा, कॅरेन्स किंवा इनोव्हासारखी गाडी रोजच्या कामाचीच ठरते.

वृद्धांसाठी आसनाची उंची निर्णायक असते. फार बुटक्या गाडीत खाली बसताना गुडघ्यावर भार येतो, फार उंच गाडीत चढताना. माणसाने दार उघडून सरळ मागे टेकावे आणि पाय आत घ्यावेत, इतकी मध्यम उंची उत्तम. हे माहितीपत्रकात कळत नाही. आजींना दालनात घेऊन जाणे हाच उपाय.

नागपूरचा उन्हाळा हा स्वतंत्र परीक्षक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे येथे नवे नाही. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे, तेथे लांबचा प्रवासही दिवसाउजेडीच आटोपला जातो, म्हणजे ऐन उन्हातच. अशा वेळी मागच्या आसनांसाठी वातानुकूलनाची वेगळी झडप असणे ही चैन राहत नाही. गाडी पाहायला शक्यतो भर दुपारी जावे. उन्हात उभी केलेली गाडी किती मिनिटांत थंड होते आणि मागे बसलेल्याला वारा लागतो की नाही, हे स्वतः अनुभवावे. फिका रंग घ्यावा. नंतर काळी फिल्म लावून उन्हाची सोय करू, या भरवशावर राहू नये; काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंदी घातली आहे. पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा. उघडणाऱ्या काचेचे छत जाहिरातीत मोहक दिसते, पण विदर्भाच्या उन्हात त्याचा पडदा वर्षातले बहुतेक महिने मिटलेलाच राहतो.

जैन घरांनी विचारायचा आणखी एक प्रश्न असतो, आणि तो गाडी नोंदवण्याआधीच विचारावा. आसनांचे आच्छादन कशाचे आहे? अनेक गाड्यांत चामड्यासारखे दिसणारे कृत्रिम कापड असते, वरच्या श्रेणीत काही ठिकाणी खरे चामडे असते. आसने कृत्रिम असूनही स्टीअरिंगवरचे आणि गिअरच्या दांड्यावरचे वेष्टण मात्र चामड्याचे, असेही आढळते. विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर न थांबता ते लेखी मागावे. कापडी आसनांची श्रेणी बहुधा स्वस्त असते आणि उन्हात कमी तापते, हा त्यातला वाढीव लाभ.

इंधनाचा ताळा

पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल गाडी १८ किलोमीटर चालली, तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ७ रुपये आणि सुमारे ५ रुपये ६ पैसे येतो. डिझेल गाडीची किंमत दीड लाखाने जास्त असेल, तर वर्षाला १० हजार किलोमीटर चालवणाऱ्याला ती वसूल व्हायला पावणेआठ वर्षे लागतील. वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला तीन वर्षांहून थोडा अधिक काळ पुरेल. हिंगणघाट, यवतमाळ, अकोला अशी आठवड्याची फेरी ठरलेली असणारा कापूस वा धान्याचा व्यापारी आणि वर्धमाननगरातून गांधीबागेत जाऊन येणारा दुकानदार यांचे उत्तर म्हणूनच एक असू शकत नाही.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर डिझेलच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आला आहे. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन मधूनमधून सलग, चांगल्या वेगाने चालावे लागते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ती गाळणी चोंदते आणि तिचा खर्च मोठा असतो. शहरातच फिरणाऱ्याने साधे पेट्रोल इंजिन घ्यावे, हे उत्तम.

हायब्रिड गाडी गर्दीत चांगली बचत करते. विजेची गाडी चालवायला स्वस्त आणि शांत आहे. घरी स्वतःची पार्किंग व चार्जिंगची सोय असेल आणि बाहेरगावचा प्रवास मोजका असेल, तर ती अवश्य विचारात घ्यावी. मात्र या बॅटऱ्यांची हमी बहुधा ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर इतकी असते. बारा वर्षांचा विचार करणाऱ्याने शेवटच्या चार वर्षांची तरतूद मनात धरून ठेवावी. सीएनजी घ्यायची तर आपल्या रोजच्या वाटेवरचा पंप आणि तेथील रांग आधी डोळ्यांनी पाहावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी व अन्य भाग त्याला अनुरूप आहेत. त्याआधीच्या गाडीबाबत कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे.

आनंद कशात असतो

गाडीतला आनंद दोन प्रकारचा असतो. एक नव्या नवलाईचा. मोठा पडदा, रंगीत दिवे, बोलून उघडणारे छत. हा आनंद मोबाइलच्या नव्या मॉडेलसारखा दीड-दोन वर्षांत विरतो, आणि दहाव्या वर्षी तोच पडदा सर्वांत जुनाट दिसतो. दुसरा आनंद हात, पाय आणि पाठ यांना कळणारा असतो. स्टीअरिंग वळवल्याबरोबर गाडीने निमूट वळणे, ब्रेक दाबताना मनात विश्वास असणे, ट्रकला ओलांडताना इंजिनाने पटकन साथ देणे, तीनशे किलोमीटर गेल्यावरही कंबर न दुखणे. हा आनंद बाराव्या वर्षीही तसाच राहतो, म्हणून पैसे मोजायचे ते यासाठी मोजावेत.

बुटक्या बांध्याच्या गाड्यांचे गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे त्या वळणावर कमी झुकतात. स्विफ्टसारखी हॅचबॅक किंवा सिटी, व्हर्टस, स्लाव्हिया यांसारख्या सेडान चालवणाऱ्याला म्हणूनच अधिक सुख देतात. चिखलदऱ्याचा घाट चढताना हा फरक तत्काळ जाणवतो. उंच बांध्याच्या गाड्यांत बसणे-उतरणे सोपे, रस्ता लांबवर दिसतो आणि खड्ड्यांची भीती कमी. क्रेटा, एलिव्हेट, नेक्सॉन यांसारख्या गाड्यांची लोकप्रियता त्यामुळेच आहे. घरात चालवणारा हौशी असेल आणि वृद्ध फारसे प्रवास करत नसतील तर सेडान. तीन पिढ्यांनी एकच गाडी वापरायची असेल तर मध्यम उंचीची गाडी. हा ढोबळ नियम बहुतेक घरांना लागू पडावा.

करामुळेही गाडीच्या आकाराला महत्त्व आले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी, डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के, तर त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. करापूर्वी ८ लाखांची गाडी पहिल्या गटात ९ लाख ४४ हजारांची होते, दुसऱ्या गटात ११ लाख २० हजारांची. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचे पेट्रोल इंजिन दीड लिटरचे असल्याने ती दुसऱ्या गटात जाते. लांबी वा इंजिन यांतल्या वाढीव भागाचा आपल्या घराला खरोखर उपयोग आहे का, हे पाहून मगच पुढच्या गटात पाऊल टाकावे.

गर्दीत रोज गाडी चालवणाऱ्याला आपोआप गिअर बदलणारी गाडी मोठा दिलासा देते. हे तंत्र अनेक प्रकारचे असते. एएमटी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी, पण गिअर बदलताना किंचित झटका देते. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे प्रकार मऊ चालतात आणि दीर्घ वापरात त्यांनी विश्वास मिळवला आहे. ड्राय क्लचचा दुहेरी क्लच असलेला प्रकार वेगवान व आनंददायी, मात्र कडक उन्हात, इंचाइंचाने सरकणाऱ्या वाहतुकीत तो तापतो. ज्याचे रोजचे काम इतवारीत आहे, त्याने हे ध्यानात घ्यावे.

सुरक्षितता हा सौद्याचा विषय नाही

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. नागपूरच्या माणसाचे गाडीशी असलेले नाते या रस्त्याने बदलले. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. इतक्या वेगाने तासन् तास जाण्याची सवय ना माणसांना होती ना बऱ्याच गाड्यांना. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेड राजाजवळ याच मार्गावर उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. विदर्भातील किती घरे त्या रात्रीने विझवली, हे विसरता येणार नाही.

म्हणून गाडीच्या टक्करचाचणीचे तारे पाहणे अनिवार्य मानावे. भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली होती. सहा एअरबॅग, घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि पाचही आसनांना पूर्ण पट्टे यांच्या बदल्यात छप्पर किंवा चाकांची शोभा स्वीकारू नये. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. मुनीमजी, ड्रायव्हर आणि आजी यांच्या जिवाची किंमत सारखीच असते.

सिमेंटच्या रस्त्यावर, उन्हात, वेगाने धावताना टायर तापतात. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांतून त्याचे वय कळते; २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर महामार्गावर नेऊ नये.

टिकण्याची व्यवस्था

गाडी टिकते ती तिच्यामागे उभ्या असलेल्या व्यवस्थेमुळे. २०१७ साली जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणे बंद केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने येथील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. दोन्हींच्या गाड्या चालवायला सरस मानल्या जात, पण त्यांच्या मालकांना पुनर्विक्रीच्या किमतीचा आणि सुट्या भागांचा घोर लागला. उलट फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत बसवले गेले. फियाटच्या गाड्या बाजारातून गेल्या आणि मारुतीनेही २०२० साली डिझेल बंद केले, तरी ते इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री आजही सहज सापडतो. पद्मिनीने शिकवलेला धडा आजही तसाच लागू आहे. ज्या गाडीचे इंजिन आणि गिअर हजारो घरांत आहेत, तीच दहाव्या वर्षी दुरुस्त होते. अगदी नवे मॉडेल बाजारात येताच घेऊ नये; वर्षभर थांबल्यास त्याचे गुणदोष आपोआप बाहेर येतात.

कायद्याबद्दल विनाकारण भीती बाळगू नये. दिल्ली परिसरातील दहा व पंधरा वर्षांचे निर्बंध नागपूरला लागू नाहीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे आणि राज्याचा पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी सुस्थितीत असेल तर हा खर्च नव्या गाडीच्या दोन-तीन महिन्यांच्या विम्याइतकाही जड वाटत नाही.

ताबा घेताना मुहूर्ताची घाई बाधते. पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला वा धनत्रयोदशीला एकाच सकाळी शेकडो गाड्या बाहेर पडतात. गाडी आदल्या दिवशी उजेडात नीट पाहून घ्यावी. चेसिसच्या सतरा अक्षरी क्रमांकावरून तिच्या बांधणीचा महिना विचारावा, टायरच्या तारखा पाहाव्यात, आणि पूजा दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर करावी.

पुढची बारा वर्षे लागतात ती साध्या शिस्तीची. तेल वेळेवर, आणि टर्बो इंजिन असेल तर त्यात एक महिनाही चालढकल नको. कूलंट पुस्तिकेप्रमाणे बदलावे. नागपूरच्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, ती रस्त्यात बंद पडण्याआधी बदलावी. धान्यबाजाराच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. विष ठेवण्यापेक्षा इंजिनाखाली बारीक जाळी बसवावी आणि गाडीत दाणे सांडू देऊ नयेत. प्रत्येक कामाची पावती एका फाइलमध्ये तारखेनिशी लावावी. ज्या घरात दुकानाची रोकड रोज मिळते, त्या घराला ही एक फाइल ठेवणे मुळीच अवघड नाही, आणि गाडी विकायची वेळ येईल तेव्हा त्या फाइलचेही पैसे मिळतात.